१६० चौरस फुटांची खोली : मुंबईतल्या स्वस्त भाड्याच्या घरांची पार्श्वभूमी

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि गिरणगाव गावाकडे पळालं. मजूर नाहीत तर गिरण्या कशा चालणार? गरिबांच्या घरांची काळजी सरकारला लागली ती तेव्हा. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट आला. त्याने कोंदट वस्त्या पाडल्या, पण बांधल्या त्याहून कमी. मग १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बीडीडी, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची.

मधोमध लांब, अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. खोलीत कोपऱ्यात मोरी, संडास मात्र सामाईक. दारं दिवसभर उघडीच. एकटी राहणारी आजी सकाळी दिसली नाही की शेजारीण आत डोकावायची. म्हाताऱ्यांची अशी देखभाल पुढच्या कुठल्याच योजनेच्या आराखड्यात मला दिसली नाही.

खासगी चाळींचं दुखणं वेगळं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं, त्यामुळे लाखो कामगारांच्या डोक्यावरचं छप्पर टिकलं. पण भाडं दशकानुदशकं हललंच नाही. एवढ्याशा भाड्यात जिना दुरुस्त होईना, मालकाने हात काढून घेतला, पागडी (खोलीचा ताबा घेताना द्यायची एकरकमी रक्कम) सुरू झाली, इमारती कोसळू लागल्या. १९६९ मध्ये जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आणि त्या खर्चासाठी उपकर, म्हणजे जादा कर, आला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेलं भाडं अवाजवी ठरवलं. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीला मान्यताही.

या सगळ्या खटाटोपात विचार झाला तो आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूचा, आणि तो व्हायलाच हवा होता. पण उद्या गावाहून येणाऱ्यासाठी भाड्याची खोली बांधायची कोणी? २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, तशी योजना आणली. खोलीचं माप पुन्हा तेच, १६० चौरस फूट! पुढे पनवेलजवळ कोन इथे अशा दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना विकल्या. कामगारांचा हक्क खराच, पण भाड्याची घरं तेवढी कमी झाली. २०२० च्या साथीत मजूर पुन्हा पायी गावाकडे निघाले तेव्हा केंद्राने भाड्याच्या घरकुलांची योजना जाहीर केली. म्हणजे १८९६ सारखंच, साथ आल्यावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन-तीन पिढ्या एका खोलीत काढलेली ही माणसं, त्यांचा आनंद अगदी रास्त आहे. त्याच वरळीत नोकरीला लागलेल्या पोराला मात्र आज ११ महिन्यांचा करार, अनामत आणि दलाली मोजावी लागते.