पाहुणा राक्षस (फॅन कॉमिक)

पाहुणा राक्षस : इंटरनेटवर हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होणाऱ्या विनोदी फॅन कॉमिक्सचा एक प्रकार. एखादा महाकाय राक्षस, बहुधा जपानी चित्रपटांतला गॉडझिला किंवा त्याच्याच जातकुळीतला कुणी, आपले जग सोडून भलत्याच कथाविश्वात जाऊन उभा राहतो, एवढेच याचे कथासूत्र. या हप्त्यात परीकथेतला राजवाडा, पुढच्यात अंतराळयान, त्यापुढे गुप्तहेराचा पाठलाग. काढणारे हौशी असतात. राक्षस त्यांचा नसतो, तो ज्या घरी जातो ते घरही त्यांचे नसते. भेट तेवढी त्यांची.

राक्षसांच्या अधिकृत भेटीगाठी जुन्याच आहेत. १९६२ साली तोहो या जपानी चित्रपट कंपनीने गॉडझिला आणि किंगकाँग यांना एका चित्रपटात आणले. १९७७ ते १९७९ या काळात मार्व्हल या अमेरिकी कॉमिक प्रकाशनाच्या २४ अंकांत गॉडझिला अमेरिकी सुपरहिरोंच्या मुलखात वावरला. पण अशा भेटी मारामारीसाठीच ठरवलेल्या असतात आणि कोण जिंकले या वादात संपतात. फॅन कॉमिकला त्यात रस नसतो. इथे यजमान जग आपल्या रीतीने पाहुण्याची सरबराई करते. राजकन्या त्याला कुणाचा शाप लागला याची चौकशी करते; गुप्तहेर त्याच्या कातड्यावर चेन शोधतो. (जुन्या चित्रपटांत आत खरोखरच माणूस असे, त्यामुळे त्याचा संशय अगदीच अनाठायी नाही.) राक्षस यावर काहीच बोलत नाही. त्याला बोलते केले की गंमत पातळ होते, आणि नवखे कलाकार नेमके तेच करतात.

मूळ गॉडझिला विनोदी नव्हता. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत एका जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सारी राख पडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेला इशिरो होंडा यांचा चित्रपट त्या धास्तीतून घडला. पुढच्या दहा-अकरा वर्षांत मात्र राक्षस पोरांचा लाडका झाला. १९६५ च्या चित्रपटात लढाई जिंकल्यावर तो चक्क उड्या मारत एक विचित्र पवित्रा घेतो. हा पवित्रा त्या काळच्या एका लोकप्रिय विनोदी जपानी कॉमिकमधल्या पात्राचा होता. म्हणजे दुसऱ्याच्या कथाविश्वातून उसनवारी करण्याची सुरुवात खुद्द मालकांनीच करून ठेवली होती. चाहत्यांनी ती पुढे नेली.

मुंबईच्या मराठी वाचकाला परक्या नायकांच्या अशा भेटीगाठी नव्या नाहीत. मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून आफ्रिकेतल्या जंगलातला फँटम ‘वेताळ’ होऊन घरोघरी पोचला. १९७७ मध्ये त्याचे डायनाशी लग्न लागले तेव्हा पाहुण्यांत जादूगार मँड्रेकही होता. दोघांचा निर्माता एकच, ली फॉक, म्हणून ते सोपे गेले, हा भाग वेगळा.

मुंबईच यजमान म्हणून घेतली तर पहिली अडचण मापाची येते. १९५४ चा गॉडझिला ५० मीटर उंच होता. तेव्हा टोकियोत इमारतींच्या उंचीवर ३१ मीटरची मर्यादा होती, त्यामुळे तो सगळ्या छपरांवरून दिसे. शहर वाढले तसा १९८४ मध्ये तो ८० मीटरचा झाला, २०१६ मध्ये ११८.५ मीटरचा. मुंबईत गेटवे ऑफ इंडिया २६ मीटरचा, म्हणजे मूळ राक्षसाच्या जेमतेम कमरेला लागेल. राजाबाई टॉवर ८५ मीटरचा; तिथे ५० मीटरवाल्याला घड्याळ बघायला मान वर करावी लागेल. लोअर परळला तर त्याची पारच शोभा होते. तिथला वर्ल्ड वन २८० मीटरचा आहे, त्याच्यापुढे २०१६ चा अवतारही अर्ध्यापर्यंत पोचत नाही. शिवाय बंदरातला समुद्र उथळ. जपानी चित्रपटांत शोभणारे ते खोल पाण्यातून हळूहळू वर येणे इथे जमायचे नाही. गडी भाऊच्या धक्क्याला पोटरीभर पाण्यातून चालत येईल आणि सगळ्यांना लांबूनच दिसेल. विनोदाच्या दृष्टीने हे चांगलेच.

चौकटींची रचनाही मापावरच ठरते. वर्तमानपत्री आडव्या पट्टीत राक्षस मावत नाही. त्याचा अंगठा दाखवायचा की शेपटीचे टोक, एवढाच प्रश्न उरतो. मोबाइलवर खाली सरकत जाणाऱ्या उभ्या पट्टीने तो सोडवला. समजा, पाहुणा गिरगावातल्या चाळीच्या जगात आला आहे. पहिल्या चौकटीत गच्चीवर चादरीवर घातलेले पापड. दुसरीत त्यांच्यावर सावली. तिसरीत काकू वर न बघताच म्हणतात, “अहो पाहुणे, जरा अलीकडे सरका, ऊन अडवताय.” आता लांबलचक चौकट : वाचकाचा अंगठा सरकतो आहे, पोट, छाती, गळा, आणि अगदी शेवटी ओशाळलेले थोबाड. मदत म्हणून तो हलकेच फुंकर घालतो. शेवटच्या चौकटीत सगळे पापड खरपूस भाजलेले. काकू : “तळायचे होते हो.”

डरकाळीचे लेखन ही स्वतंत्र कारागिरी आहे. मूळ आवाज संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून आला : राळ लावलेला चामडी हातमोजा कॉन्ट्राबास या व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाच्या सैल केलेल्या तारांवर घासला आणि ध्वनिफितीचा वेग कमी केला. कागदावर तो ‘स्क्रीऽऽऑंक’ असा उमटतो. देवनागरीत काढणाऱ्याला शिरोरेघेचा फायदा मिळतो. ती ताणून शेजारच्या दोन चौकटींतून नेली की आवाज किती लांब गेला हे वेगळे सांगावे लागत नाही.

कायद्याची बाजू धूसर आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ खासगी वापर, टीका आणि समीक्षा यांसाठी रास्त वापराची मुभा देते. विडंबनाचा वेगळा उल्लेख त्यात नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका प्रतिनाटकाच्या (मूळ नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या नाटकाच्या) खटल्यात, मूळ कृतीवर टीका करण्यासाठी तिचा भाग घेणे म्हणजे उल्लंघन नव्हे, अशी भूमिका घेतली. पापड भाजणाऱ्या राक्षसाला टीका म्हणावे का, हे वकिलावर अवलंबून आहे. फुकट वाचायला ठेवलेल्या हप्त्यांकडे कंपन्या बऱ्याचदा काणाडोळा करतात. टी-शर्ट आणि प्रिंट विकायला काढल्या की व्यापारचिन्हाचाही प्रश्न येतो, म्हणून विक्रीच्या टेबलावरचा पाहुणा कधी कधी पाठीवरचे काटे गाळून, रंग बदलून आणि वेगळेच नाव सांगत बसलेला असतो.