लॅव्हेंडरच्या बाटलीत धणे, दगडफूल आणि मळी

कोल्हापुरात लॅव्हेंडर पिकत नाही, आणि पिकवायचा हट्ट कुणी करूही नये. पंचगंगाकाठच्या गाळाच्या जमिनीत पावसाळाभर जी ओल राहते, ती या झुडपाच्या मुळांना सोसत नाही. त्याला हवा कोरडा, निचऱ्याचा डोंगरउतार. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचा माल त्यासाठीच नावाजलेला. आपल्याकडे जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहच्या बाजूला त्याची लागवड होते. आपली लॅव्हेंडरशी ओळख झाली ती टाल्कम पावडरीच्या डब्यातून. पण अस्सल लॅव्हेंडर परफ्युमची रसायनं शोधायला फार लांब जावं लागत नाही. कांदा-लसूण मसाल्याचं सामान काढून ठेवलं तरी त्यातली बरीचशी हाती लागतात.

चार धणे घ्या. भाजू नका, भाजले की नवीन खमंग रेणू तयार होतात आणि मूळ वास त्यांच्याखाली दबतो. कच्चेच खलबत्त्यात ठेचा आणि लगेच नाकाशी धरा. मसालेदारपणाच्या आधी क्षणभर एक हलका, फुलासारखा, लिंबाकडे झुकणारा वास येतो. तो लिनालूल नावाच्या रेणूचा. धण्यांच्या तेलात साधारण दोन तृतीयांश लिनालूलच असतं. (कोथिंबिरीत हा वास शोधू नका. झाड एकच असलं तरी पानांच्या वासाची सूत्रं वेगळ्याच रेणूंकडे, अल्डिहाइडांकडे असतात.) लॅव्हेंडरच्या तेलातही लिनालूल मुख्य, आणि त्याच्या जोडीला त्याचाच एस्टर, म्हणजे लिनालूल आणि व्हिनेगरचं आम्ल जोडून झालेलं संयुग, लिनालिल ॲसिटेट. दोघं मिळून तेलाचा निम्म्याहून जास्त भाग व्यापतात.

मग धणे लॅव्हेंडरसारखे का वाटत नाहीत? एक कारण उघड आहे: हा एस्टर आणि बाकीचे बारीकसारीक घटक. दुसरं कारण जास्त गमतीचं. लिनालूलच्या रेणूत एक कार्बन असा आहे की त्याला चार वेगवेगळे गट जोडलेले असतात. त्यामुळे हा रेणू दोन रूपांत घडू शकतो. अणू तेच, जोडण्याही त्याच, पण एक रूप दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. चपलेच्या जोडासारखं, डावी ती डावी आणि उजवी ती उजवी. लॅव्हेंडर जवळजवळ निव्वळ एकच रूप बनवतं. धण्यांत मुख्यतः दुसरं असतं. आपल्या नाकातले वास टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) हे प्रथिनांचे असतात आणि प्रथिनांनाही डावं-उजवं असतंच. म्हणून दोन्ही रूपं त्यांत सारखी बसत नाहीत. लॅव्हेंडरचं रूप नाकाला कितीतरी कमी मात्रेत जाणवतं, आणि त्याचा वास जास्त फुलासारखा, लाकडाकडे झुकणारा. या ग्राहकांची जनुकं रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 मध्ये शोधली. 2004 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. माणसाकडे अशी सुमारे 400 कार्यरत जनुकं आहेत.

या डाव्या-उजव्याचा बाजाराशी थेट संबंध आहे. कारखान्यात स्वस्तात बनवलेल्या लिनालूलमध्ये बहुधा दोन्ही रूपं निम्मी-निम्मी येतात. महाग लॅव्हेंडर तेलात कुणी ते मिसळलं, तर नाक कदाचित फसेल. पण दोन रूपं वेगळी काढणारी वायू-वर्णलेखन चाचणी केली की भेसळ पकडली जाते, कारण फुलाने जे रूप बनवलंच नाही ते तेलात आलं कुठून?

महाद्वार रोडला अत्तराच्या दुकानात लॅव्हेंडर मागितलं की दोन बाटल्या समोर येतात. "ह्यो चालू, ह्यो भारीतला." चालूतलं निव्वळ कृत्रिम नसेल, तर ते बहुधा लॅव्हँडिनचं असतं. लॅव्हँडिन म्हणजे खऱ्या लॅव्हेंडरचा आणि त्याच्या एका रुंद पानांच्या भावंडाचा संकर. तेल भरपूर देतो, पण बी धरत नाही. त्याची लागण उसासारखी तुकडे लावूनच करायची. त्यात कापूर बराच जास्त असतो. वास घेताना देवघरातल्या कापराची थंड झुळूक आधी नाकात शिरली, तर ते लॅव्हँडिन समजावं. साबणाला, फरशी पुसायच्या द्रवाला ते उत्तम. खऱ्या लॅव्हेंडरमध्ये कापूर जेमतेम असतो.

हातानं, थोड्या थोड्या मालाचं परफ्युम बनवणारे लोक इथेच वेगळे पडतात. मोठ्या उद्योगात 40/42 नावाचं लॅव्हेंडर तेल चालतं: वेगवेगळे लॉट मिसळून एस्टरचं प्रमाण 40 ते 42 टक्क्यांवर आणून ठेवलेलं, म्हणजे दरवर्षी वास तोच. छोटा कारागीर एखाद्या शेतकऱ्याचं तेल आहे तसं वापरू शकतो. मग त्या वर्षीचा पाऊस, शेताची उंची, भट्टीवर वाफ किती वेळ दिली, हे सगळं बाटलीत उतरतं. वाफ जास्त वेळ दिली तर पाण्यामुळे एस्टर तुटून पुन्हा लिनालूल आणि व्हिनेगरचं आम्ल होतं, आणि वासातला फळासारखा गोडवा जातो. दोन हंगामांच्या बाटल्या सारख्या निघाल्या नाहीत, म्हणून अशा कारागिराशी भांडण्यात अर्थ नाही.

क्लासिक म्हणवणाऱ्या लॅव्हेंडर परफ्युममध्ये मात्र नुसतं लॅव्हेंडर नसतं. नुसतं तेल त्वचेवर फार टिकत नाही. त्याला बूड दिलं ते रसायनशास्त्रानं. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1868 मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं. वाळत घातलेल्या गवताला येणारा गोडसर वास पुष्कळदा कुमारिनचाच. बाजारात दालचिनी म्हणून मिळणाऱ्या कॅसियाच्या सालीतही ते असतं. 1882 मध्ये पॉल पार्के यांनी ऊबिगाँ या पॅरिसच्या परफ्युम बनवणाऱ्या घराण्यासाठी 'फूजेर रॉयाल' बांधलं, त्यात लॅव्हेंडरखाली कुमारिन आणि ओकमॉस घातलं. गर्लँ या दुसऱ्या फ्रेंच परफ्युम घराण्याचं 'जिकी' आलं 1889 मध्ये. त्यात कुमारिनबरोबर व्हॅनिलाच्या वासाचं कृत्रिम व्हॅनिलिनही होतं. पुरुषांच्या दाढीच्या फोमपासून आफ्टरशेव्हपर्यंतचा 'न्हाव्याच्या दुकानाचा' वास याच प्रकारातला.

आणि ओकमॉस म्हणजे कोण? ओकच्या सालीवर वाढणारं दगडफूल! अगदी तीच जात नव्हे, पण तेही बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र संसारातून झालेलं. ॲट्रानोरिन नावाचं संयुग दोन्हींत सापडतं. ते फुटलं की जंगलातल्या ओल्या सालीसारखा वास देणारा रेणू सुटतो. मसाल्यात दगडफूल तेलावर परतल्याशिवाय का खुलत नाही, याचं उत्तर माझ्या मते इथेच कुठेतरी असावं. ओकमॉसमधल्या दोन घटकांनी त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने 2017 मध्ये त्यांवर बंदी आणली. तेव्हापासून ते घटक काढून टाकलेला ओकमॉस वापरतात.

आता टिकण्याबद्दल. जड रेणू सावकाश उडतो, हलका लवकर, असं आपण धरून चालतो. पण लिनालूलचं रेणुभार 154, कुमारिनचं 146. हलकं कुमारिनच दिवसभर सदऱ्यावर राहतं. त्याचे रेणू चपटे आणि ध्रुवीय, एकमेकांना घट्ट धरून बसणारे. नेहमीच्या तापमानाला ते पांढऱ्या स्फटिकांच्या रूपातच असतं. लिनालूल द्रव, सैल, तासा-दोन तासांत पसार.

त्याच्याही आधी उडतो तो अल्कोहोल. बहुतेक स्प्रे परफ्युमचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग अल्कोहोलच असतो, आणि भारतात तो मुख्यतः उसाच्या मळीतून काढत आले आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या तेच काम करतात. फ्रेंच कारागीर बीटाचा घेतो, एवढाच फरक. पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसतो, चंदनाच्या तेलाचा पाया असतो. म्हणून ते झपकन पसरत नाही, अंगाच्या उबेनं हळूहळू सुटतं.

बाटली विकत घेतलीच तर लहान घ्या आणि कपाटात ठेवा, खिडकीत नको. लिनालूल हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जोडलं जाऊन हायड्रोपेरॉक्साइडं बनतात. ताजं लिनालूल त्वचेला सहसा त्रास देत नाही. खाज आणि पुरळ उठवतात ती ही पेरॉक्साइडं. निम्मी संपलेली बाटली म्हणजे आत निम्मी हवा. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत ती वर्षभर राहिली असेल, तर अंगाला न लावता रुमालावर शिंपडून संपवावी.