मागचे टायर निवडताना आधी पावसाचा विचार करा

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे दोन गाड्या उभ्या जागेवरून सुटून शेजारी-शेजारी सरळ पळतात तो पट्टा. त्यावरची शर्यत सहसा पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची. हातची जाते ती मात्र बहुतेक वेळा पहिल्या 60 फुटांत. पाय दाबला, मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूर निघाला आणि शेजारची गाडी पुढे गेली! मग मालक टायर बघायला निघतो आणि आधी काय मागतो, तर चाकावरच्या कमानीत मावतील तेवढे रुंद टायर. माझ्या मते हा विचार चुकीच्या टोकापासून सुरू होतो.

टायरवर पडणारं वजन भागिले आतल्या हवेचा दाब, ढोबळमानाने एवढंच क्षेत्र जमिनीला टेकतं. दाब तोच ठेवून टायर रुंद केला तर ठसा आडवा पसरतो, पण लांबीला आखूड होतो. ठसा खरोखर वाढवायचा तर हवा कमी करायला हवी. रस्त्यावर 30-32 पीएसआयवर चालणारी गाडी स्ट्रिपवर ड्रॅग रेडियल (रस्त्यावरही चालणारे, मऊ रबराचे शर्यतीचे टायर) साधारण 15 ते 20 पीएसआयवर पळवते. बायस प्लाय स्लिकमध्ये (आतले धागे तिरपे असलेल्या, नक्षी नसलेल्या टायरमध्ये) हवा अनेकदा याहूनही कमी असते. इतक्या कमी हवेवर काम करायला टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, उंच आणि लवचीक लागते. म्हणून जाणकार लोक, ब्रेक आड येत नसतील तर, मागे मोठ्या रिमऐवजी 15 इंची रिम घालतात. टायरची बाहेरची उंची तीच राहते आणि साइडवॉलला जागा मिळते.

दुसरी गोष्ट रबराची. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा शाळेतला नियम रबर पाळत नाही. ते रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरतं, पृष्ठभागाला चिकटतं आणि दाबलं-सोडलं जाताना ऊर्जा गिळतं. मऊ, उबदार रबराला हे छान जमतं. थंड रबर ताठ राहतं. सुटण्याआधीचा बर्नआउट, म्हणजे चाकं जागच्या जागी गरगर फिरवणं, त्यासाठीच. टायर तापतो, वर चिकटलेली वाळू-धूळही निघून जाते. नक्षीचे टायर असतील तर बर्नआउटसाठी ओल्या केलेल्या जागेला वळसा घालून पलीकडे थांबावं. नाहीतर खाचांत भरलेलं पाणी थेट स्टार्ट लाइनवर जातं आणि मागच्या रांगेतल्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

पकड वाढली की काय होतं, त्याचं गणित मांडून पाहू. समजा, उभ्या गाडीचं 48 टक्के वजन मागच्या चाकांवर आहे आणि गुरुत्वमध्याची उंची पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या एक पंचमांश आहे. घर्षणगुणांक 0.9 असेल तर त्वरण जास्तीत जास्त 0.53 जी मिळतं (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). गुणांक 1.5 झाला तर ते 1.03 जी होतं. पकड दोन तृतीयांशाने वाढली, त्वरण जवळजवळ दुप्पट! कारण गाडी जितक्या जोरात सुटते तितकं वजन मागे सरकतं आणि तेच वजन टायरला आणखी दाबून धरतं. इंजिनात ताकद असेल तर पहिले 60 फूट 2.7 सेकंदांऐवजी 1.9 सेकंदांत पार होतात. इंजिनाला हातही न लावता.

आता रस्ता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर झिजायला किती टिकाऊ आहे याचा, आकडा छापलेला असतो. रोजच्या वापराच्या टायरवर तो 400-600 असतो, ड्रॅग रेडियलवर 100 किंवा त्याहून कमी, काहींवर तर चक्क 00. (हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना जपून करावी.) झीज एकवेळ परवडेल, खरी भीती पाण्याची. ड्रॅग रेडियलवर खाचा मोजक्याच असतात. साचलेलं पाणी बाहेर फेकलं गेलं नाही की टायर त्यावर तरंगतो, आणि मागची पकड आधी सुटली की गाडी गर्रकन फिरते. कडाक्याच्या थंडीत तर हे मऊ रबर कोरड्या रस्त्यावरही दगा देतं.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. गाडी रोज, पावसापाण्यात चालत असेल तर मागे चांगले रस्त्याचेच टायर ठेवावेत आणि स्ट्रिपसाठी दुसऱ्या रिमवर वेगळी जोडी बांधून घ्यावी. गाडी सुट्टीच्या दिवशी, आभाळ बघून बाहेर निघत असेल तर ड्रॅग रेडियलवर दोन्ही कामं भागतात. पुढे नेहमीचे रेडियल असताना मागे बायस प्लाय घालून रस्त्यावर फिरणं मात्र टाळावं. दोन्हींचा वळणातला स्वभाव वेगळा, त्यामुळे वेगात गाडीचा मागचा भाग वळवळतो. स्ट्रिपवर बायस प्लायचा फायदा आहे. त्याची साइडवॉल सुटताना सुरकुतते आणि झटका पचवते, त्यामुळे गिअरबॉक्स आणि ॲक्सलवर एकदम ताण येत नाही. रेडियल एकदा घसरला की सहसा सावरत नाही.

उंचीही मोजूनच घ्यावी. 26 इंचांच्या जागी 28 इंची टायर आला की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे 7 टक्क्यांनी कमी होतात आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो. आणि स्ट्रिपवरून निघण्याआधी हवा पुन्हा भरून घ्यावी. 16 पीएसआयवर हमरस्ता धरला तर साइडवॉल आतून तापून फाटू शकते.