गोणी उघडून का बघतो?
(रद्दी-भंगार देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार. पेपर, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा, ॲल्युमिनियम आम्ही घेतो, हे लालबाग-परळच्या आमच्या नेहमीच्या ग्राहकांना ठाऊक आहे. तरी काट्याजवळ रोज कुणीतरी विचारतंच, "सगळा सुकाच कचरा आहे, मग गोणी का उघडता?"

कारण आत ओलं निघतं. भाजीची देठं, सालं लोक आता व्यवस्थित वेगळी काढतात. घोळ होतो तो दुधाच्या पिशवीत, दह्याच्या कपात, सॉसच्या बाटलीत. वस्तू सुक्या कचऱ्यातली, पण तळाला घोटभर शिल्लक. तेवढं दूध रात्रभरात झिरपतं आणि खालचे पेपर एकमेकांना चिकटून बसतात. गेल्या पावसाळ्यात एका घरची 3 महिन्यांची रद्दी लोणच्याच्या एका डब्याने वाया गेली. कागदाचा लगदा पाण्यात करतात. तेल पाण्यात विरघळत नाही, लगद्याला धरून राहतं आणि नव्या कागदावर डाग उठतात. म्हणून गोडाऊनवाले तेलकट गठ्ठा घेत नाहीत. ओला पेपर जड भरतो. त्याचे पूर्ण पैसे दिले तर तोटा आम्हाला, वजन कापलं तर तुम्हाला वाटतं काटा मारला. त्यापेक्षा तुमच्यासमोर गोणी उघडलेली बरी. काट्याची दरवर्षी सरकारी तपासणी होते, शिक्का त्यावरच आहे. शंका आली तर घरून साखरेचं 1 किलोचं पाकीट आणा आणि ठेवून बघा.

पिशव्या धुवायला नळ सोडायची गरज नाही. भांडी विसळून उरलेल्या पाण्यात पिशवी खळबळा आणि चिमट्याने उलटी टांगा. कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. नखाएवढा तो तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, केरातून गटारात जातो. 26 जुलै 2005 ला प्लास्टिकने गटारं कशी तुंबवली, ते या भागात पाण्यात उभं राहून पाहिलेली माणसं अजून आहेत.

चिप्सची पाकिटं आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आम्ही घेत नाही. त्यांत वेगवेगळे थर घट्ट चिकटवलेले असतात, ते सुटे करून घेणारं गिऱ्हाईक आमच्याकडे नाही. पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्या. सेल, ट्यूबलाइट, सुया मात्र गोणीत नकोतच. कचऱ्याच्या सरकारी नियमांनुसार घरातला घातक कचरा वेगळाच द्यायचा असतो. आमच्याकडे माल हातांनी निवडतात. फुटलेली काच पेपरात गुंडाळून वर 'काच' असं ठळक लिहा.

कचराच कमी करायचा असेल तर दही, इडलीचं पीठ आणि मासळी आणायला घरचा डबा न्या. आमच्याकडे येणारं प्लास्टिक थोडं घटेल, पण येईल ते स्वच्छ येईल, आणि स्वच्छ, निवडलेल्या मालाला आम्ही भाव जास्त देतो.

दुकानातून 2 रिकाम्या गोण्या मोफत न्या, एक कागदाला, एक बाकीच्याला. पावसाळ्यात कागदाची गोणी गॅलरीत ठेवू नका. माल 20 किलोच्या वर असेल तर रविवारी आमचा माणूस घरी येतो, चाळीत लिफ्ट नसली तरी वरच्या मजल्यावर चढतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवा. त्या दिवसाचा भाव दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहिलेला असतो.