एनबीए ड्राफ्टसाठी वयाची अट: पात्रता, कागदपत्रे आणि नाव मागे घेण्याच्या तारखा

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये जायचे तर वय १९ हवे, एवढे बास्केटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. पण हे १९ कोणत्या दिवशी मोजायचे, शाळा कधी संपली याचा त्याच्याशी काय संबंध आणि एकदा दिलेले नाव कधीपर्यंत मागे घेता येते, हे मात्र बहुतेकांना उशिरा कळते. तोपर्यंत एखादी मुदत उलटून गेलेली असते. मुलाच्या खेळाकडे वर्षानुवर्षे लक्ष दिलेले असताना केवळ तारखांच्या अज्ञानामुळे त्याचे एक वर्ष वाया जाऊ नये, म्हणून ही माहिती.

१९ वर्षे म्हणजे नेमके काय

ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या संघांनी दरवर्षी दोन फेऱ्यांत, ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया. नियम असा आहे: ज्या वर्षी ड्राफ्ट होतो, त्या कॅलेंडर वर्षात खेळाडूचे वय १९ झाले पाहिजे. ड्राफ्टच्या दिवशीच १९ पूर्ण असण्याची गरज नाही. ३१ डिसेंबरपर्यंत झाले तरी चालते. म्हणून सोपा हिशेब असा की ड्राफ्टच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करायचे. उत्तर १९ किंवा जास्त आले, तर वयाची अट पूर्ण झाली. वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो हे पाहावेच लागत नाही.

कूपर फ्लॅगचे उदाहरण घ्या. त्याचा जन्म २१ डिसेंबर २००६ चा. जून २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो साडेअठरा वर्षांचा होता. जन्म आणखी दोन आठवडे पुढे गेला असता, तर त्याला २०२६ ची वाट पाहावी लागली असती. व्हिक्टर वेंबन्यामाच्या बाबतीत उलटे घडले. त्याची जन्मतारीख ४ जानेवारी २००४. चार दिवस आधी जन्मला असता तर तो २०२२ च्याच ड्राफ्टला पात्र ठरला असता. प्रत्यक्षात त्याला २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले गेले.

दुसरी अट: शाळा संपल्यानंतरचा हंगाम

अमेरिकेत शिकलेल्या खेळाडूला वयाबरोबर आणखी एक अट लागू होते. हायस्कूलची पदवी मिळाल्यानंतर एनबीएचा किमान एक हंगाम उलटलेला असला पाहिजे. एखाद्याने शाळा मध्येच सोडली असेल, तर त्याच्या वर्गातली मुले ज्या वर्षी उत्तीर्ण झाली तिथपासून मोजतात. म्हणजे शाळा लवकर सोडून फायदा होत नाही. फ्लॅगने शाळेचा अभ्यासक्रम एक वर्ष आधी, २०२४ मध्ये पूर्ण केला होता. म्हणूनच ड्यूक विद्यापीठात एक हंगाम खेळून तो २०२५ मध्ये दोन्ही अटींत बसला. नेहमीच्या वर्गाबरोबर राहिला असता, तर वय बसूनही शाळेच्या अटीने त्याला अडवले असते.

ही अट कॉलेजात खेळण्याची सक्ती करत नाही, हे नीट लक्षात घ्यावे. मधले वर्ष कुठे घालवायचे हे खेळाडूने ठरवायचे. ब्रँडन जेनिंग्ज २००८ मध्ये इटलीत रोमच्या क्लबकडे गेला आणि २००९ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. लामेलो बॉल ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळून २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. एनबीएच्याच जी लीगमध्ये, म्हणजे तिच्या खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये, किमान वय १८ आहे. तिथे इग्नाइट नावाचा संघ २०२० पासून खास अशा मुलांसाठी चालवला जात होता. जेलन ग्रीन त्याच संघातून २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. २०२३-२४ च्या हंगामानंतर तो संघ बंद झाला. कॉलेजात शिकता शिकता पैसे मिळू लागल्यावर त्याची गरजच उरली नाही.

काही मुले हायस्कूलनंतर आणखी एक वर्ष शाळेतच खेळतात. २०१६ मध्ये थॉन मेकरचे प्रकरण याचमुळे गाजले. तो कॅनडातल्या शाळेकडून खेळत होता. त्याची हायस्कूलची पदवी २०१५ मधली धरायची की नाही, हाच प्रश्न होता. एनबीएने ती २०१५ ची मानली, तो पात्र ठरला आणि मिलवॉकीने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले. पदवीच्या तारखेचा कागद किती मोलाचा असतो, हे यावरून कळावे.

आंतरराष्ट्रीय खेळाडू कोण

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. पासपोर्ट कोणत्या देशाचा, यावर ही व्याख्या ठरत नाही. ड्राफ्टच्या आधीची किमान तीन वर्षे अमेरिकेबाहेर कायम वास्तव्य करून तिथे बास्केटबॉल खेळलेला, अमेरिकेत हायस्कूल पूर्ण न केलेला आणि अमेरिकी कॉलेजात कधीही प्रवेश न घेतलेला खेळाडू या व्याख्येत बसतो. त्याला शाळेची अट लागू नाही, फक्त जन्मवर्षाची लागू आहे. ज्या वर्षी तो २२ चा होतो, त्या वर्षी तो आपोआप ड्राफ्टमध्ये येतो. त्याआधी यायचे असेल तर अर्ज करावा लागतो. लुका डॉन्चिच रेआल माद्रिदच्या मुख्य संघातून १६ व्या वर्षी खेळू लागला होता, तरी एनबीएसाठी त्याला २०१८ पर्यंत थांबावे लागले.

शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मुलाचे गणित बदलते ते यामुळेच. तिथे हायस्कूल पूर्ण केले की तो भारतीय नागरिक असला तरी एनबीएच्या लेखी आंतरराष्ट्रीय खेळाडू राहत नाही. पंजाबचा सतनाम सिंग फ्लोरिडातल्या अकादमीत शिकत होता. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले आणि भारतात जन्मून एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. कॉलेज, परदेशी क्लब किंवा दुसरी व्यावसायिक लीग यांपैकी काहीही न खेळता तो ड्राफ्टपर्यंत पोहोचला होता.

ही अट आली कुठून

पालक बऱ्याचदा विचारतात, की अठराव्या वर्षी मुलगा कायद्याने सज्ञान होतो, मग त्याला नोकरी नाकारता कशी येते? प्रश्न रास्त आहे आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. पूर्वी हायस्कूलनंतर चार वर्षे थांबण्याचा नियम होता. स्पेन्सर हेवुडने त्याला आव्हान दिले आणि १९७१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. सुरुवातीला घरची आर्थिक अडचण दाखवणाऱ्यांनाच सवलत मिळे. १९७६ मध्ये तीही अट गेली. पुढे १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स थेट हायस्कूलमधून आले. २००५ मध्ये आलेला अँड्रू बायनम १८ वर्षे ६ दिवसांचा असताना पहिला सामना खेळला. एनबीएतला सर्वांत लहान वयाचा खेळाडू हा मान आजही त्याच्याकडे आहे.

त्याच २००५ साली संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात १९ वर्षांची अट आली. २००६ च्या ड्राफ्टपासून ती लागू आहे. ती सरकारने केलेला कायदा नाही, संघटनेशी वाटाघाटी करून झालेला करार आहे. म्हणूनच न्यायालयात ती मोडणे अवघड असते. अमेरिकी फुटबॉलमध्ये मॉरिस क्लॅरेटने २००४ मध्ये तशाच अटीविरुद्ध दाद मागितली होती. अपील न्यायालयाने कामगार कराराचाच आधार घेऊन त्याची मागणी फेटाळली. बास्केटबॉलमधली अट काढावी अशी शिफारस माजी परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस यांच्या कॉलेज बास्केटबॉलविषयक आयोगाने २०१८ मध्ये केली होती. तरीही २०२३ च्या नव्या करारात ती कायम राहिली. मला स्वतःला ही अट अन्यायकारक वाटते. ज्या मुलांनी त्या कराराच्या बाजूने कधी हात वर केला नाही, त्यांच्याच पहिल्या वर्षाची कमाई ती रोखते. पण नियम बदलेल या आशेवर मुलाचे नियोजन करू नये.

अर्ज कसा करायचा

चार वर्षे कॉलेज खेळून ज्याची पात्रता संपली आहे, त्याला अर्ज लागत नाही. त्याआधी येणाऱ्याने मात्र लेखी कळवावे लागते आणि ते पत्र ड्राफ्टच्या किमान ६० दिवस आधी एनबीएकडे पोहोचलेले असावे लागते. पाठवल्याची तारीख धरत नाहीत, पोहोचल्याची धरतात. समाजमाध्यमांवर जाहीर करणे म्हणजे अर्ज नव्हे.

त्यानंतर दोन वेगवेगळ्या तारखा येतात आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जपण्याची गोष्ट हीच. एनबीएच्या नियमाने ड्राफ्टच्या १० दिवस आधीपर्यंत नाव मागे घेता येते. पण कॉलेज खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था त्याहून खूप लवकर दार बंद करते: ड्राफ्ट कंबाइन (निमंत्रित खेळाडूंची एनबीए संघांसमोर होणारी चाचणी) संपल्यानंतर १० दिवसांनी. २०२५ मध्ये अर्जाची मुदत २६ एप्रिल, एनसीएएची मुदत २८ मे, एनबीएची १५ जून आणि ड्राफ्ट २५-२६ जून अशी होती. २८ मे ते १५ जून या काळात ज्या कॉलेज खेळाडूने नाव काढले, तो ड्राफ्टमध्येही नाही आणि नेहमीच्या नियमाने कॉलेज संघातही नाही. एनबीएची तारीख पाहून निश्चिंत राहिलेले घर इथे फसते. कॉलेज खेळाडूसाठी खरी मुदत मे महिन्यातलीच समजावी.

निर्णयाआधी एनबीएच्या पदवीपूर्व सल्लागार समितीकडून मूल्यांकन मागवावे. संघांच्या अधिकाऱ्यांचे मत घेऊन ही समिती खेळाडू पहिल्या फेरीत जाईल, दुसऱ्या फेरीत जाईल की निवडलाच जाणार नाही, याचा अंदाज देते. हा अंदाज बंधनकारक नसतो, पण ओळखीपाळखीच्या कौतुकापेक्षा तो कितीतरी विश्वासार्ह आहे. २०१८ पासून कॉलेज खेळाडूला हे मूल्यांकन मागवून एजंट नेमता येतो आणि परत फिरायचे ठरले तर तो करार संपवून कॉलेजात जाता येते. मात्र एजंट एनसीएएने प्रमाणित केलेला असला पाहिजे. तसे नसेल तर परतीचा मार्ग एका सहीने बंद होतो.

कंबाइनचे निमंत्रण आले तर जाणे टाळू नये. २०२३ च्या करारानंतर सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणारा किंवा वैद्यकीय तपासणी नाकारणारा खेळाडू त्या वर्षी निवडीला अपात्र ठरू शकतो.

कागदपत्रे

जन्मदाखला आणि पासपोर्ट या दोन्हींवर नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख तंतोतंत एकच असावी. वयोगट स्पर्धांमध्ये दिलेल्या जुन्या नोंदीही याच्याशी जुळतात का ते पाहावे. वेगवेगळ्या कागदांवर दोन जन्मवर्षे असतील, तर दुरुस्ती मूल १५-१६ चे असतानाच करून घ्यावी. ड्राफ्टच्या वर्षी ती करायला गेल्यास संशयच जास्त वाढतो. हायस्कूलच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवीची तारीख स्पष्ट लिहिलेला दाखला जपून ठेवावा. शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचा वेगळा. परदेशी क्लबशी केलेला प्रत्येक करार, त्याची मुदत आणि करारातून मोकळे होण्याची रक्कम यांच्या प्रती हव्यात. ती रक्कम एनबीए संघ ठराविक मर्यादेपर्यंतच भरू शकतो, वरचा भार खेळाडूवर येतो. वैद्यकीय इतिहास, विशेषतः हृदय आणि गुडघ्यांचे अहवाल, एकत्र ठेवावेत.

कॉलेजमार्गे जाणाऱ्याला एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी करावी लागते. पहिल्या विभागासाठी (डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा स्तर) १६ मूलभूत विषय आणि त्यांत ४ च्या मापावर किमान २.३ सरासरी गुण लागतात. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाने आणखी एक काळजी घ्यावी. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येते आणि २०२५ पासून कॉलेजेही थेट पैसे देऊ शकतात. पण विद्यार्थी व्हिसावर कामाची मर्यादा असते. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय अशा करारावर सही करू नये.

या कमाईने ड्राफ्टचे चित्रही बदलले. २०२१ मध्ये साडेतीनशेहून अधिक खेळाडूंनी आपोआप पात्र होण्याआधीच नाव दिले होते, २०२५ मध्ये ती संख्या शंभराच्या थोडी वर राहिली. दुसऱ्या फेरीच्या अनिश्चित करारापेक्षा कॉलेजात आणखी एक वर्ष काढणे आता परवडते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला दोन वर्षांचे वेतन हमखास मिळते, दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही.

मुलींसाठी आणि अठराखालील मुलांसाठी

डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगची अट कडक आहे. २०२० च्या करारानुसार अमेरिकेत शिकलेली खेळाडू ड्राफ्टच्या वर्षात २२ ची होत असली पाहिजे, चार वर्षांची पदवी पूर्ण करत असली पाहिजे किंवा तिच्या हायस्कूल वर्गाला चार वर्षे झालेली असली पाहिजेत. परदेशी खेळाडूसाठी वय २० आहे. इथेही जन्मवर्षच मोजतात. सातू साबाली २०२० मध्ये २२ ची होत होती, म्हणून कॉलेजचे एक वर्ष शिल्लक असताना ती दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली. हा करार आता जुना झाला असून अटी बदललेल्या असू शकतात, तेव्हा चालू करार पाहूनच पुढे जावे.

अठरा वर्षांखालील मुलाला परदेशी क्लबकडे न्यायचे असेल तर फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा नियम आधी येतो. अठराव्या वाढदिवसाआधी एका देशाच्या महासंघातून दुसऱ्या देशात बदली सहसा होत नाही. कुटुंबाचे स्थलांतर किंवा शिक्षण अशा कारणांसाठी अपवाद मंजूर होऊ शकतो, पण ते कारण कागदांनिशी दाखवावे लागते. इथे मात्र जन्मवर्ष नव्हे, जन्मदिवस मोजला जातो. बदलीसाठी मूळ देशाच्या महासंघाचे ना हरकत पत्र लागते, आणि कोणत्याही एजंटाला पैसे देण्याआधी ते पत्र मिळणार का, हे महासंघाकडून लेखी विचारून घ्यावे.