ओवा, लसूण, हळद आणि कँडिडाची प्लेट

नवरात्रात वडोदऱ्यात गरबा रात्री उशिरापर्यंत रंगतो. घामाने भिजलेले कपडे तसेच अंगावर राहिले, की काखेत, स्तनांखाली, जांघेत त्वचा लाल होऊन चुरचुरते. अशा दमट घड्यांत बरेचदा कँडिडा अल्बिकन्स ही यीस्ट प्रकारची बुरशी फोफावलेली असते. मग घरात ओव्याचा लेप, लसणाचा रस, हळद असे उपाय सुचतात. या तिन्हींत बुरशीला रोखणारी द्रव्ये आहेत, हे खरे. पण प्रयोगशाळेतल्या प्लेटवर अर्काभोवती यीस्ट न उगवल्याने दिसणाऱ्या मोकळ्या वर्तुळावरून औषध ठरवण्याची घाई फार होते.

प्लेटमधले माध्यम, म्हणजे यीस्ट वाढवायची पोषक जेली, साबुराँ डेक्स्ट्रोज आगार: लिटरमागे ४० ग्रॅम ग्लुकोज, १० ग्रॅम पेप्टोन, १५ ग्रॅम आगार, सामू ५.६. त्यावर यीस्ट पसरायची, ६ मिलिमीटरचे भोक पाडून ५० मायक्रोलिटर अर्क सोडायचा आणि ३५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायचे. शेजारच्या भोकात अर्क ज्यात काढला तो नुसता द्रावक हवाच. तो नसला, तर अल्कोहोलने मारलेली यीस्ट वनस्पतीच्या खात्यावर जमा होते.

वर्तुळाची रुंदी द्रव्य आगारात किती सरकते यावरही ठरते. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून भोकापाशीच अडून बसते. तेव्हा हळदीचे ८ मिलिमीटर आणि लसणाचे २० यांची तुलना करणे व्यर्थ. त्यासाठी किमान रोधक मात्रा, म्हणजे यीस्टची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढतात: ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये आरपीएमआय या द्रव पोषक माध्यमात अर्क दर पायरीला निम्मा करत न्यायचा, मिलिलिटरमागे साधारण ५०० ते २,५०० पेशी घालायच्या आणि डीएमएसओ हा द्रावक १ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. इथेही हळदीचा पिवळा रंग यीस्ट वाढल्याची खूण असलेला गढूळपणा झाकतो. म्हणून खळग्यातला थेंब नव्या आगारावर टाकून पाहावा. वसाहती उगवल्या, तर यीस्ट मेली नव्हती, फक्त थांबली होती. ओव्याच्या तेलाची वाफ शेजारच्या खळग्यांतही शिरते, त्यामुळे प्लेट नीट बंद करावी लागते.

अर्क करतानाच बरेचसे बिघडते. ओव्याचा अर्क गरम भट्टीत सुकवला, की त्यातले बुरशीरोधक थायमॉल उडून जाते. लसणातले ॲलिसिन पाकळी ठेचल्यावरच विकराच्या क्रियेने तयार होते. अख्ख्या पाकळ्या उकळल्या तर विकरच मरतो आणि काढ्यात ॲलिसिन जवळपास नसतेच. शिवाय कवळीवर किंवा कॅथेटरवर यीस्टने थर धरला असेल, तर सुट्या पेशींना रोखणारी मात्रा तिथे सहसा पुरत नाही.

कच्चा लसूण किंवा निव्वळ लवंगतेल नाजूक त्वचेवर लावू नये. भाजल्यासारखी जखम होते. योनीत तर हे प्रयोग मुळीच नकोत. घडी कोरडी ठेवावी आणि डॉक्टरांना विचारून क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम लावावे. दुकानातून आणलेल्या मलमात स्टेरॉइड मिसळलेले नाही ना, हे लेबलवर पाहावे: स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, पण बुरशी पसरत राहते. चट्टा वारंवार परतत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.