चोक बदलणे (ट्यूबलाईट)

चोक म्हणजे ट्यूबलाईटच्या पट्टीत आत बसवलेला तो जड लांबट ठोकळा, जो ट्यूबला पेटायला धक्का पण देतो आणि पेटल्यावर तिला हावऱ्यासारखा करंट पण खाऊ देत नाही. पुस्तकात त्याला बॅलास्ट म्हणतात, पण लातूर असो नाहीतर जालना, दुकानात जाऊन बॅलास्ट द्या म्हणलं तर दुकानदार तोंडाकडं बघत बसेल, तिथं "चोक द्या" म्हणायचं आणि मग तो विचारणार, "कॉपर का इलेक्ट्रॉनिक?" (कॉपर म्हणजे जुन्या पद्धतीचा, आत तार गुंडाळलेला, इलेक्ट्रॉनिक म्हणजे आत सर्किट असलेला.) चोक बदलणं हे मराठवाड्यात वायरमनची वाट न बघता घरीच उरकायचं काम समजतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा चोकचा काही दोष नसताना बिचारा बदलला जातो.

आधी कॉपर चोकची ट्यूब चालते कशी ते बघू, कारण ते कळल्याशिवाय काय बिघडलंय ते कळत नाही. बटण दाबलं की करंट चोकमधून ट्यूबच्या एका टोकाच्या फिलामेंटमध्ये, तिथून स्टार्टरमध्ये आणि मग दुसऱ्या टोकाच्या फिलामेंटमधून परत असा फिरतो. स्टार्टरच्या डबीत एक बारका काचेचा दिवा असतो, त्यात दोन धातूंची जोडपट्टी, ती तापली की वाकून चिकटते आणि थंड झाली की सुटते. ती सुटली की करंट एकदम तुटतो, आणि चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तार, तिला करंट असा एकदम तुटलेला चालत नाही, मग ती कित्येकशे व्होल्टचा झटका मारते आणि ट्यूबमधल्या गॅसमधून करंट वाहायला लागतो. एका झटक्यात जमलं नाही तर परत, परत जमलं नाही तर परत, म्हणून ट्यूब दोन-चारदा डोळे मिचकावून मग लागते. उशिरा समजणाऱ्या माणसाला आपल्याकडं ट्यूबलाईट म्हणतात आणि "आत्ता पेटली याची ट्यूब" म्हणतात ते इथूनच, इलेक्ट्रॉनिक चोक आल्यापासून ट्यूब पटकन लागते त्यामुळं हल्लीच्या लेकरांना हा टोमणा नीट लागत पण नाही.

एकदा पेटली की चार फुटी ट्यूबच्या दोन टोकांत १०० च्या आसपासच व्होल्ट उरतो, तेवढ्यावर स्टार्टर जागा होत नाही, म्हणून चालू ट्यूबचा स्टार्टर काढून खिशात घातला तरी ट्यूब चालूच राहते. चोकचं काम मात्र संपत नाही. ट्यूबमधल्या गॅसचा स्वभाव उलटा आहे, करंट जितका वाढेल तितका त्याचा विरोध कमी होतो, म्हणजे सोडला तर करंट वाढतच जाणार आणि ट्यूब लगेच बाद होणार, चोक त्याला ०.४ अँपियरच्या थोडं वर धरून ठेवतो. चोक या शब्दाचा अर्थच मुळी गळा आवळणं असा आहे.

आता बिघाड. ट्यूबची दोन्ही टोकं लाल पेटून राहिली आणि मधे उजेड नाही, तर स्टार्टर आत चिकटलाय, तो फिरवून काढला की पुष्कळदा ट्यूब खटकन लागते, म्हणजे चोक ठणठणीत. टोकं काळीकुट्ट झालीत आणि ट्यूब नुसती फडफडते, तर ट्यूबचं वय झालं. काहीच हालचाल नाही तर आधी ट्यूब होल्डरमध्ये जरा फिरवून बघा, साईड होल्डरच्या पितळी पत्त्या ढिल्या पडतात, गंज धरतात, पावसाळ्यात पाखरं मरून आत भरतात. हे सगळं झाल्यावर मग चोकवर संशय घ्यायचा. जळका वास येतोय, चोकमधून डांबरासारखं काळं काहीतरी गळलंय, किंवा नवीन ट्यूब लावली की तिची टोकं भसकन जळतात, तर चोक गेला, त्यातही शेवटच्या प्रकारात चोक आतून शॉर्ट झालेला असतो आणि तो न बदलता दुसरी ट्यूब लावली तर ती पण जाते, असे दोन-दोन ट्यूबचे पैसे घालवणारे लोक आहेत. वायरमन लोक खात्री करायला सिरीज टेस्ट लावतात, म्हणजे १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब आणि चोक एका ओळीत जोडून लाईट द्यायची, बल्ब थोडा मंद लागला तर चोक चांगला, फुल लागला तर शॉर्ट, लागलाच नाही तर तार तुटलेली.

मराठवाड्यात चोकची खरी गोष्ट व्होल्टेजची आहे. आपल्याकडं कागदावर २३० व्होल्ट येतात, पण शिवारातल्या मोटरी चालू झाल्या की गावाच्या टोकाच्या घरात व्होल्टेज इतकं पडतं की फिरत्या पंख्याची पाती मोजता येतात, आणि अशा वेळी कॉपर चोकची ट्यूब रात्रभर फडफड करते पण लागत नाही. प्रत्येक फडफडीला फिलामेंटवरचा लेप झिजतो म्हणून ट्यूब पण लवकर जाते. मग लोकांनी काय काय केलं नाही, स्टार्टर काढून दोन वायरची टोकं हातानं चिकटवायची सोडायची, म्हणजे माणूसच स्टार्टर! याच्यात शॉक बसायची पूर्ण सोय आहे, करू नये. इलेक्ट्रॉनिक चोक कमी व्होल्टेजला पण ट्यूब उचलतो, म्हणून खेड्यात त्याला मान मिळाला, शिवाय कॉपर चोक स्वतःच १० ते १५ वॅट उष्णतेत घालवतो तसं हा करत नाही, आणि ५० हर्ट्झची लाईट २० हजार हर्ट्झच्या वर नेऊन ट्यूबला देतो त्यामुळं भुणभुण नाही, लपलप नाही. माळवदाच्या घरात तुळईला ठोकलेली कॉपर चोकची पट्टी रात्री सगळं शांत झालं की कशी गुणगुणते ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे सांगायला नको, तेव्हा चोकचे स्क्रू आवळले तर आवाज कमी होतो कधीकधी.

पण इलेक्ट्रॉनिक चोक नाजूक. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, त्यात पत्र्याचं घर, पत्र्याखाली पट्टी, आतले कपॅसिटर फुगतात आणि संपलं. आणि डीपीवरचा (गल्लीला लाईट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, तुटला तर घरात ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतं, तेव्हा गल्लीतले इलेक्ट्रॉनिक चोक एका रात्रीत जातात, टीव्ही बरोबर. कॉपर चोक अशा झटक्यात बराच तग धरतो, पण म्हणून तो अमर आहे असं पण नाही.

बदलताना पहिली गोष्ट मेन स्विच बंद, नुसतं बोर्डावरचं बटण नाही. जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी बटण फेजऐवजी (करंट येणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर घातलेलं असतं, ट्यूब बंद दिसते पण पट्टीत लाईट असतेच, म्हणून मेन बंद करून परत टेस्टर लावायचा, आणि तो टेस्टर आधी चालू पॉईंटला लावून चालतोय का बघायचा. लाकडी स्टूल, पायात चप्पल, आणि खाली एक माणूस, कारण चार फुटी ट्यूब एकट्यानं हातात धरून उतरायचं म्हणजे सर्कस. ट्यूब आणि स्टार्टर काढायचे, पट्टीचं झाकण उघडायचं. कॉपरच्या जागी कॉपर असेल तर काम सोपं, त्याला दोनच टोकं, फेजच्या वाटेत जोडायचा, उलटसुलट झालं तरी फरक नाही. वॅट बघून घ्यायचा, ३६ आणि ४० च्या चार फुटीला एकच चोक चालतो, दोन फुटी १८-२० वॅटच्या एका ट्यूबला वेगळा लागतो. चोक मात्र पट्टीला घट्ट आवळायचा, तो चालताना चांगलाच तापतो, लाकडाला टेकवून ठेवू नये, कडबा भरलेल्या खोलीत तर अजिबात नाही.

कॉपर काढून इलेक्ट्रॉनिक घालायचा असेल तर स्टार्टर आणि त्याच्या वायरी पूर्ण काढून टाकायच्या. इथंच लोक चुकतात, स्टार्टर राहू देतात आणि नवा चोक पहिल्याच दिवशी उडतो मग दुकानदाराशी भांडण. याला दोन वायरी लाईटच्या आणि साधारण चार ट्यूबच्या, दोन या टोकाला दोन त्या टोकाला, बाहेर चित्र छापलेलं असतं तेच खरं मानायचं. बारीक २८ वॅटची टी-५ ट्यूब असेल तर तिला कॉपर चोक चालतच नाही. जोड दिल्यावर टेप नीट गुंडाळायचा आणि पट्टीच्या पत्र्याला अर्थिंग द्यायचं, कौलातून गळणाऱ्या घरात तर आधी ते. जळालेला इलेक्ट्रॉनिक चोक उघडायची हौस असेल तर बंद केल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

काढलेली ट्यूब उकिरड्यावर आपटून फोडायचा खेळ लेकरं खेळतात, तो बंद करावा, आत पारा असतो. फुटलीच तर दारं-खिडक्या उघडून माणसं बाहेर काढायची आणि तुकडे झाडूनं न उडवता पुठ्ठ्यानं गोळा करायचे. या पाऱ्यापायीच पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत फ्लोरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरलं. तसंही सरकारच्या २०१५ च्या उजाला योजनेपासून एलईडी स्वस्त होत गेली आणि आता चोक गेला की पुष्कळ लोक सरळ एलईडी पट्टीच आणतात. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची तर ती कोणत्या जोडणीची आहे ते वाचावं लागतं, काहींना लाईट एकाच टोकाला लागते काहींना दोन्ही, आणि बहुतेकांना चोक बाजूला काढून डायरेक्ट जोडायचं असतं. कॉपर चोक भंगारवाला वजनावर घेतो, आत तांबं निघालं तर बरा भाव, ॲल्युमिनियमची तार निघाली तर तोंड वाकडं. तरी पुष्कळ घरांत तो भंगारात जातच नाही, वायरी तोडून तिथंच पट्टीत ठेवलेला असतो, वर एलईडी जळत असते आणि खाली हा अर्धा-एक किलोचा ठोकळा धूळ खात पडलेला.